सयाजीराव नावाचा घोडा

सप्टेंबर १९४५. महायुद्ध संपून जेमतेम महिना होत होता. इंग्लंडात लोणी, साखर, कापड सगळेच रेशनवर मिळत होते. अशा दिवसांत न्यूमार्केटच्या लिलावात एका शिंगराची बोली चढत गेली ती २८,००० गिनींवर थांबली. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. त्या वेळच्या दराने ही रक्कम चार लाख रुपयांना थोडी कमी भरते. वर्षभराच्या शिंगरासाठी ब्रिटनमध्ये तोवर एवढे पैसे कोणी मोजले नव्हते. शिंगरू गेले बडोद्याच्या महाराजांकडे. प्रतापसिंहराव गायकवाडांनी त्याला आपल्या आजोबांचे नाव दिले: सयाजीराव.

आजोबांना जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला आणि तिसरे सयाजीराव म्हणून त्याने त्रेसष्ट वर्षे राज्य केले. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, गावोगाव वाचनालये, होतकरू मुलांना परदेशी शिकायला शिष्यवृत्त्या ही त्यांची कमाई. १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते याच संस्थानाच्या पैशावर. सयाजीरावांचा थोरला मुलगा फत्तेसिंहराव १९०८ मध्येच वारला आणि त्याच वर्षी जन्मलेला नातू १९३९ मध्ये गादीवर आला. एकवीस तोफांच्या सलामीचा मान देशातल्या पाचच संस्थानांना होता आणि बडोदे त्यांतले एक. आजोबांनी शिस्तीने भरलेला खजिना नातवाच्या हाती पडला.

प्रतापसिंहरावांना घोड्यांचा नाद होता. गायकवाडांच्या घरात ही गोष्ट नवी नव्हती. पिलाजीराव आणि दमाजीराव यांनी गुजरात जिंकला तो घोड्यावर मांड टाकूनच. फरक इतकाच, की आता घोड्याखाली रणांगण नव्हते, हिरवळ होती. १९४३ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मीवर पहिली इंडियन डर्बी धावली. ती जिंकली 'प्रिन्सेस ब्युटिफुल' या घोडीने. घोडी ऑस्ट्रेलियात जन्मलेली, मालक बडोद्याचे महाराज आणि पाठीवर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी. त्याच साली महाराजांनी पिठापुरमच्या राजकन्या सीतादेवींशी दुसरे लग्न केले. बडोद्यात पहिली पत्नी हयात असताना दुसरी करायला कायद्याने बंदी होती आणि महाराणी शांतादेवी हयात होत्या. या लग्नाचा बोभाटा दिल्लीपासून लंडनपर्यंत झाला. महाराजांना त्याची फिकीर नव्हती. मुंबईची डर्बी जिंकून झाली होती. आता त्यांना इंग्लंड जिंकायचे होते.

इंग्लंड जिंकायचे तर नुसता पैसा ओतून भागत नाही, हे त्यांना कळले असावे. कारण त्यांनी पैशाइतकाच विचार माणसाचा केला. त्या माणसाचे नाव फ्रेडरिक आर्मस्ट्राँग. घोड्यांच्या जगात सगळे त्यांना सॅम म्हणत.

यवतमाळ-अमरावतीकडे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेल्या वाचकाला ट्रेनर म्हणजे नेमके काय, हे चटकन उमगत नाही. पटात बहुधा जोडी शेतकऱ्याच्या घरचीच असते. गोऱ्हा निवडणारा, त्याला ढेप-कडबा घालून तयार करणारा आणि छकड्यावर बसून हाकणारा धुरकरी पुष्कळदा एकाच घरातले असतात. इंग्लिश रेसमध्ये या कामांची कडक वाटणी असते. मालक पैसे घालतो, जॉकी शर्यतीच्या दोन-तीन मिनिटांपुरता घोड्यावर बसतो आणि उरलेले सगळे वर्ष घोडा ट्रेनरच्या ताब्यात असतो. दाणा किती द्यायचा, पहाटे किती पळवायचे, कोणत्या दिवशी नुसते चालवून आणायचे, खुराला नाल कधी ठोकायचा, कोणत्या शर्यतीत उतरवायचे आणि कोणती सोडून द्यायची, हे सगळे त्याने ठरवायचे. घोडा जिंकला की बक्षीस घ्यायला मालक पुढे होतो. हरला की पहिला प्रश्न ट्रेनरला विचारतात.

सॅम आर्मस्ट्राँग यांचा जन्म १९०४ चा. वडील बॉब आर्मस्ट्राँग हेही ट्रेनरच. त्यामुळे तबेल्याची भाषा मुलाच्या कानावर पाळण्यापासून पडत आली. विशीच्या उंबरठ्यावरच सॅमनी स्वतःचा परवाना काढला आणि यॉर्कशायरमधल्या मिडलहॅम या गावी तबेला मांडला. मिडलहॅम हे उत्तरेकडचे घोड्यांचे गाव: डोंगरमाथ्यावरची मोकळी माळराने आणि पहाटे रांगेने वर चढणारे घोडे. पण मोठा पैसा आणि मोठे मालक दक्षिणेकडे, न्यूमार्केटच्या आसपास असत. आर्मस्ट्राँग हुशार म्हणून ओळखले जात होते. त्यांच्या तोलाचा घोडा मात्र अजून त्यांच्याकडे आला नव्हता.

तो घोडा जवळजवळ त्यांच्या दारातूनच आला. महाराजांनी घेतलेल्या शिंगराची आई रोझी लेजंड. सर एरिक ओल्सन यांनी ती १९४१ मध्ये अवघ्या ३,५०० गिनींना विकत घेतली, तेव्हा ती गाभण होती. पोटात होता 'दांते'. हा दांते मिडलहॅमलाच मॅट पीकॉक यांच्या तबेल्यात तयार झाला आणि जून १९४५ मध्ये त्याने डर्बी जिंकली. दांतेचा आणि महाराजांच्या शिंगराचा बापही एकच, इटलीत जन्मलेला 'निअरको'. निअरको आयुष्यात चौदा शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. युद्धाच्या काळात न्यूमार्केटला तो इतका मोलाचा ठरला, की त्याच्यासाठी बॉम्बहल्ल्यापासून बचावाचा स्वतंत्र खंदक बांधला होता. डर्बी जिंकणाऱ्या घोड्याचा सख्खा भाऊ, तोही डर्बीनंतर तीन महिन्यांनी बाजारात आलेला. किंमत आभाळाला भिडली ती त्यामुळे.

महाराजांनी न्यूमार्केटचा वॉरन प्लेस हा तबेला घेतला आणि १९४६ मध्ये आर्मस्ट्राँग आपला सगळा पसारा यॉर्कशायरहून हलवून तिथे आले. त्यांच्याबरोबर तबेल्यातली पोरेही आली. त्यांत विली स्नेथ नावाचा गेट्सहेडचा एक बारीक मुलगा होता. त्याच्याकडे पुढे येऊच.

१९४७ चा हिवाळा इंग्लंडच्या आठवणीत अजून आहे. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत देश बर्फाखाली गाडला गेला. कोळसा संपला, कारखाने बंद पडले, शर्यती रद्द झाल्या, सरावाची मैदाने गोठली. वसंतातल्या मोठ्या शर्यतींसाठी घोडा तयार करायचे हेच तर महिने. अशा वेळी ट्रेनरची परीक्षा होते: घोडा तबेल्यात उभा राहून सुस्तावू द्यायचा नाही आणि घाई करून कडक जमिनीवर त्याचे पायही बिघडवायचे नाहीत.

घोडा तीन वर्षांचा असतानाच ज्या पाच शर्यतींत धावू शकतो त्यांना इंग्लंडात 'क्लासिक' म्हणतात. त्यांतल्या तीन शर्यतींचा मान सगळ्यांत मोठा: मेच्या आसपास न्यूमार्केटला टू थाउजंड गिनीज, जूनमध्ये एप्समला डर्बी, सप्टेंबरमध्ये डॉनकास्टरला सेंट लेजर. अंतरे अनुक्रमे सुमारे १,६००, २,४०० आणि २,९०० मीटर. एकाच घोड्याला तिन्ही जमणे फार दुर्मीळ, कारण पहिलीला तडफ लागते आणि शेवटचीला दम.

सयाजीराव गिनीजमध्ये उतरला. तिथे 'ट्यूडर मिन्स्ट्रेल' नावाच्या घोड्याने सगळ्यांना घोड्याच्या आठ लांबींनी मागे टाकले; आपला सयाजीराव तिसरा आला. आर्मस्ट्राँग यांनी मग त्याला लिंगफील्डला डर्बीच्या रंगीत तालमीत उतरवले आणि तो जिंकला. डर्बीच्या दिवशी सगळ्यांचे पैसे ट्यूडर मिन्स्ट्रेलवर होते. प्रत्यक्षात लांब अंतर त्याला झेपले नाही आणि फ्रान्सहून आलेल्या 'पर्ल डायव्हर'ने एकास चाळीसच्या भावाने बाजी मारली. आगाखानांचा 'मिगोली' दुसरा, सयाजीराव पुन्हा तिसरा.

दोनदा तिसरा येणे म्हणजे कपाळ फुटके, असे मालकाला वाटू शकते. ट्रेनर त्यात वेगळे वाचतो. अंतर वाढत गेले तसा सयाजीराव गिनीजमध्ये आपल्या पुढे गेलेल्या घोड्यांच्या जवळ येत गेला, किंबहुना ट्यूडर मिन्स्ट्रेल आता त्याच्या मागे राहिला होता. वेग संपतो तिथून या घोड्याची शर्यत सुरू होते, हे त्यावरून दिसत होते. त्याच उन्हाळ्यात आर्मस्ट्राँग यांनी त्याला आयर्लंडला नेले आणि करागच्या मैदानावर त्याने आयरिश डर्बी जिंकली. मग रोख डॉनकास्टरवर.

सेंट लेजर ही क्लासिक शर्यतींत सगळ्यांत जुनी, १७७६ पासूनची. १९४७ च्या सप्टेंबरात ती धावली, तेव्हा भारत स्वतंत्र होऊन महिनाही झाला नव्हता. इकडे पंजाब जळत होता, दिल्लीत निर्वासितांच्या छावण्या उभ्या राहत होत्या. तिकडे यॉर्कशायरमध्ये एडगर ब्रिट महाराजांचे रंग अंगावर घालून सयाजीरावच्या पाठीवर बसला. डॉनकास्टरचा शेवटचा सरळ पट्टा लांबलचक आहे. तिथे दम संपलेल्या घोड्याला लपायला जागा नसते. त्या पट्ट्यावर फ्रान्सचा 'अर्बार' आणि सयाजीराव जोडीने झुंजले. फरक पडला तो फक्त एका डोक्याचा. सयाजीराव पहिला, अर्बार दुसरा, आणि डर्बीत पुढे गेलेला मिगोली तिसरा. हा मिगोली काही किरकोळ घोडा नव्हता. पुढच्या वर्षी त्याने पॅरिसची आर्क द ट्रायम्फ ही युरोपातली मोठी शर्यत जिंकली.

कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या राजाचे नाव इंग्लंडच्या सर्वांत जुन्या क्लासिकच्या विजेत्यांत लिहिले गेले. भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचे पाणी प्यायल्याचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाला ही गोष्ट आवडण्याजोगी होती. पण त्या सप्टेंबरात तिकडे लक्ष द्यायला इथे कोणाला सवड नव्हती.

आर्मस्ट्राँग यांचा हात एकदा बसल्यावर यश थांबले नाही. महाराजांकडे फ्रान्समध्ये पैदास झालेला एक घोडा होता, मूळ नाव 'लेरिन्स'. त्याचे नाव बदलून ठेवले 'माय बाबू'. सयाजीराव दमाचा, तर हा तडफेचा. १९४७ मध्ये दोन वर्षांच्या घोड्यांत तो अव्वल ठरला आणि १९४८ मध्ये चार्ली स्मर्क या जॉकीने त्याच्यावर बसून टू थाउजंड गिनीज विक्रमी वेळेत जिंकली. फरक याही वेळी एका डोक्याचाच होता. डर्बीत मात्र माय बाबू चौथा आला. अंतर त्याच्या कुवतीपलीकडचे होते. आर्मस्ट्राँग यांनी हट्ट न धरता त्याला पुन्हा कमी अंतरावर आणले आणि गुडवुडला ससेक्स स्टेक्स जिंकून दाखवली. त्याच साली सयाजीरावनेही अॅस्कटची हार्डविक स्टेक्स जिंकली. सलग दोन वर्षांत दोन क्लासिक आणि तीही दोन अगदी वेगळ्या स्वभावांच्या घोड्यांवर, एक दमदार आणि एक तडफदार. ट्रेनरच्या कारकिर्दीचे माप घ्यायचे तर याहून चांगली जोडी सापडणार नाही.

इकडे बडोद्यात हिशेब उघडले जात होते. महाराज वर्षातले बरेच दिवस इंग्लंड-अमेरिकेत असत. संस्थानात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, जुने खाते तपासले गेले आणि महाराजांनी संस्थानाच्या राखीव निधीतून मोठमोठ्या रकमा उचलल्याचे बाहेर आले. शेवटी सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन यांना त्यात लक्ष घालावे लागले. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. महाराजांना ते पचले नाही. त्यांनी माजी संस्थानिकांची संघटना उभारायला घेतली. १९५१ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राजा म्हणून असलेली मान्यताच काढून घेतली आणि गादी मुलाकडे, फत्तेसिंहरावांकडे गेली. हेच फत्तेसिंहराव पुढे खासदार आणि भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष झाले. सीतादेवींनी मोनॅकोत घर केले. प्रतापसिंहराव १९६८ मध्ये लंडनमध्ये वारले.

या माणसाला नुसता उधळ्या ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. १९४९ मध्ये, विलीनीकरणाच्या अगदी तोंडावर, बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभे राहिले. सयाजीरावांचे ते जुने स्वप्न होते आणि त्यांच्या नावाचा मोठा विश्वस्त निधी करून ते पुरे करण्यात याच नातवाचा हात होता. म्हणजे एकाच माणसाने चार वर्षांच्या अंतराने आजोबांची दोन स्मारके केली: एक चार पायांचे, दुसरे दगड-विटांचे. दोन्हींचा पैसा आला तो शेवटी बडोद्याच्या रयतेच्या सारावसुलीतूनच. रयतेला विचारले असते, तर तिने कोणते निवडले असते, हे सांगायला नको.

घोडा मात्र आपल्या नावाला जागला. आयर्लंडमध्ये किल्डेअर परगण्यात महाराजांनी घोड्यांच्या पैदाशीसाठी घेतलेली जागा आजही बडोदा स्टड म्हणून ओळखली जाते. सयाजीराव तिथे वळू म्हणून राहिला आणि १९६६ पर्यंत जगला. त्याची मुलगी 'ग्लॅडनेस' हिने १९५८ ची अॅस्कट गोल्ड कप जिंकली, 'लिंक्रिस' या दुसऱ्या मुलीने १९६० ची आयरिश ओक्स जिंकली आणि 'इंडियाना' या मुलाने १९६४ मध्ये बापासारखीच सेंट लेजर मारली. तिन्ही शर्यती दमाच्या, लांब पल्ल्याच्या. माय बाबू अमेरिकेला विकला गेला. त्याच्या एका मुलीचे नाव तिथल्या मालकांनी 'केरला' ठेवले. या केरलेच्या पोटचा 'दमास्कस' १९६७ मध्ये अमेरिकेतला सर्वोत्तम घोडा ठरला.

आणि आर्मस्ट्राँग? महाराजांचा पैसा आटला म्हणून त्यांचे काम थांबले नाही. वॉरन प्लेस हातचा गेला, तेव्हा ते न्यूमार्केटमध्येच सेंट गेटियन या दुसऱ्या तबेल्यात गेले आणि सत्तरच्या दशकापर्यंत घोडे तयार करत राहिले. एप्समची डर्बी त्यांना शेवटपर्यंत जिंकता आली नाही. तरीही घोड्यांच्या जगात त्यांचे नाव निघते ते घोड्यांइतकेच माणसांसाठी. गरीब घरांतून आलेली, चार फूट-पाच फूट उंचीची पोरे त्यांच्या तबेल्यात उमेदवार म्हणून राहत. पहाटे शेण उचलणे, खरारा करणे, घोड्यांना फिरवून आणणे हे सगळे आधी करायचे; मग कुठे शर्यतीत बसायची पाळी येई. मिडलहॅमहून बरोबर आलेला विली स्नेथ १९४९ मध्ये देशातला पहिल्या क्रमांकाचा उमेदवार जॉकी ठरला. वॉली स्विनबर्न, जॉश गिफर्ड असे पुढे नाव काढणारे कितीतरी जॉकी त्याच शाळेतून बाहेर पडले. ही शाळा कडक होती आणि तिचा धडा साधा होता. ज्याला घोड्याची लीद आणि खूर कळतात, त्यालाच पुढे घोड्याचा वेग कळतो.

त्यांची मुलगी सुझन हिने १९६० मध्ये लेस्टर पिगॉटशी लग्न केले. ज्या ग्लॅडनेसने सयाजीरावचे नाव राखले, तिच्या पाठीवर अॅस्कटला बसला होता तोच हा पिगॉट. विसाव्या शतकातला इंग्लंडचा सर्वांत नावाजलेला जॉकी असा सॅमचा जावई झाला. १९८७ मध्ये करचुकवेगिरीच्या प्रकरणात पिगॉट तुरुंगात गेले, तेव्हा तबेल्याची जबाबदारी उचलली ती बापाकडून हे काम शिकलेल्या सुझननेच. ट्रेनरचा परवाना त्यांनी स्वतःच्या नावावर घेतला. सॅमचा मुलगा रॉबर्ट वडिलांच्या तबेल्यावर बसला आणि १९८० मध्ये त्याच्या 'मूरस्टाइल'ने कमी अंतरावरच्या मोठमोठ्या शर्यती जिंकल्या. त्याच्यावर बसणारा जॉकी मेहुणा पिगॉटच. सॅम आर्मस्ट्राँग १९८३ मध्ये गेले. त्यांची नात मॉरीन हिचे पती, ट्रेनर विल्यम हॅगस यांच्या 'शामित'ने १९९६ मध्ये डर्बी जिंकली आणि ट्रेनर म्हणून सॅमना हुलकावणी दिलेली एप्समची डर्बी अखेर नातजावयाच्या हाती आली.

वॉरन प्लेसची गोष्टही तशीच पुढे गेली. १९५२ मध्ये तिथे नोएल मर्लेस आले, त्यांच्यानंतर त्यांचे जावई हेन्री सेसिल. एकविसाव्या शतकात 'फ्रँकेल' हा चौदापैकी चौदा शर्यती जिंकणारा घोडा याच तबेल्यातून पहाटे सरावाला निघे. बडोद्याच्या पैशाने जिला एकेकाळी ऊर्जितावस्था आली, त्या जागेने पुढची पन्नास-साठ वर्षे इंग्लंडला नामांकित ट्रेनर दिले.

प्रतापसिंहरावांनी उत्तम ते सगळे विकत घेतले: उत्तम रक्त, उत्तम जागा, उत्तम माणूस. त्यांपैकी त्यांच्याकडे काहीच राहिले नाही. आर्मस्ट्राँग यांच्याजवळ विकत घेण्याजोगे फारसे काही नव्हते. जे होते ते त्यांनी पोरांना, मुलाला, मुलीला शिकवले आणि ते तीन पिढ्या चालले. सयाजीरावांना हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी तिजोरीतला पैसा शाळांत, वाचनालयांत आणि परक्या घरच्या हुशार मुलांच्या शिक्षणात घातला. नातवाने आजोबांचे नाव एका शर्यतीच्या घोड्याला दिले. आजोबांची रीत पुढे नेली ती मात्र यॉर्कशायरच्या त्या ट्रेनरने, आणि तीही आपण असे काही करतो आहोत याची जाणीव नसताना.